समुद्राचं पंचांग आणि विद्यापीठाचं

सागरी विज्ञानाच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतलेली मुलं भेटायला येतात तेव्हा मी त्यांना आधी कालनिर्णय उघडायला सांगते. ती हसतात. मग मी त्यांना कोकणातल्या बायकांचा हिशोब सांगते. कालवं काढणाऱ्या बायका भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

आता यातली मेख बघा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फारसं मागे सरतच नाही. खालचे खडक उघडे पडतात ते उधाणाला. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत, तेही सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान. संध्याकाळची ओहोटी बहुतेक अंधारातच जाते. महिन्याला असे दोन मोके. त्यातून प्रॅक्टिकल, अंतर्गत परीक्षा आणि एसटीचा प्रवास वजा करा. विद्यापीठाचं वेळापत्रक लावणाऱ्याला द्वितीया-तृतीयेशी काही देणंघेणं नसतं.

मला प्रबंधिकेचा विषय मिळाला डिसेंबरात: खडकाळ किनाऱ्यावरच्या गोगलगाईंमध्ये ऋतुमानानुसार होणारे बदल. सादर करायची मे महिन्यात. कोकणचा किनारा सर्वात जास्त बदलतो तो पावसाळ्यात. नद्यांचं गोडं पाणी उतरतं, खारटपणा घसरतो, लाटा खडक धुऊन काढतात. तो ऋतू माझ्या वेळापत्रकात बसतच नव्हता. मार्गदर्शकांना विचारलं तर उत्तर आलं, "आधीच्यांनीही हाच विषय केलाय." तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिला प्रश्न होता, "पावसाळा कुठे आहे?"

म्हणून मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांना सरळ विचारा: या विषयाला कोणते महिने लागतात आणि ते माझ्या हातात आहेत का? अनेकदा शीर्षकातला एक शब्द बदलला तरी काम निभतं. त्याच खडकावर वरून खाली, भरतीरेषेपासून ओहोटीरेषेपर्यंत, कुठली जात कुठे राहते हे चार महिन्यांत नीट मोजता येतं. ऋतूंची तुलना मात्र पीएच.डी.साठी ठेवा.

बंदरावर उतरणाऱ्या मासळीवर काम करायचं असेल, मग ते हर्णे असो वा मिरकरवाडा, तर 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते हे गृहीत धरूनच आखणी करा. वेळासच्या कासवांवर मन बसलं असेल तर घरटी हिवाळ्यात सुरू होतात आणि उन्हाळ्यात संपतात. शिवाय तिथलं ऑलिव्ह रिडले कासव 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय अंड्याला हातही लावता येत नाही. समुद्री घोडे, समुद्रकाकड्या, प्रवाळ यांनाही हाच कायदा लागू आहे. जाळ्यातून फेकून दिलेला समुद्री घोडा नमुना म्हणून बाटलीत भरून नेणं हाही गुन्हाच. परवानगीचा अर्ज सत्र सुरू व्हायच्या आधीच टाका, सरकारी फाईल तुमच्या सत्राच्या तालावर चालत नाही.

डॉल्फिन बघायला म्हणून आलेल्यांचा पहिल्या वर्षी हिरमोड होतो. तळाचा चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, रोझ बेंगालने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली किडे वेचत बसायचं, हा खरा दिनक्रम. मला त्यात मजा यायची, पण सगळ्यांनाच येईल असं नाही. म्हणून प्रवेशाआधी एखाद्या प्रयोगशाळेत आठवडाभर बसून बघा. स्कूबाचं प्रमाणपत्र मात्र लगेच लागत नाही, त्यावर उगाच पैसे घालू नका. आणि मत्स्यविज्ञानाकडे, वर्सोव्याच्या सीआयएफईसारख्या संस्थेत जायचं असेल, तर पात्रतेच्या अटी बारावीनंतर लगेच वाचा. एम.एफ.एस्सी.च्या बहुतेक जागांना बी.एफ.एस्सी. लागते, प्राणिशास्त्राची पदवी तिथे चालत नाही.

किनाऱ्यावर एकटं जाऊ नका. सपाट कातळावर वळलेलं पाणी पाठीमागच्या खळग्यांतून आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते. चपला नकोत, जाड तळाचे बूट हवेत, कारण खडकाला चिकटलेली कालवं पाय फाडतात.

कालवं काढणाऱ्या बायकांशी बोलल्याशिवाय खडकावर मोजणीची चौकट टाकू नका, आणि हे मी निव्वळ सौजन्य म्हणून सांगत नाही. त्यांनी काल जो खडक रिकामा केला, तिथे आज तुम्ही कालवं मोजलीत तर आकडा निसर्गाचा नसतो, त्यांच्या टोपलीचा असतो. मी वहीत एक जादा रकाना आखते: "या उधाणाला इथे कोणी कालवं काढली का?" बहुतेक वेळा त्या आधी हसतात, मग बोट दाखवून नेमका खडक सांगतात.