आजेसासूबाईंचा गुलाब ‘रानटी’ झालेला नाही
प्रश्न : आमच्या परसात आजेसासूबाईंनी फांदी खोचून लावलेला गुलाबी, घमघमणारा गुलाब आहे. यंदा बुंध्यातून धुमारे फुटले. झाड रानटी झालं, धुमारे कापा, असं सगळे म्हणतात. काय करू?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : धुमारे ठेवा. रानटी धुमाऱ्यांची भीती असते ती डोळा भरलेल्या कलमांना, कारण तिथे खालचा खुंट वेगळ्या जातीचा असतो. तुमचं झाड स्वतःच्या मुळांवर वाढलंय. जमिनीतून येणारी फांदीही त्याच जातीची.

हा कदाचित एडवर्ड जातीचा गुलाब असेल, पण फूल पाहिल्याशिवाय खात्री देणार नाही. एडवर्ड मूळचा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा. १८६७ मध्ये ‘ला फ्रान्स’ हा पहिला हायब्रीड टी, म्हणजे आधुनिक गटातला, मानला गेलेला गुलाब आला. त्याआधीच्या गटांतले गुलाब ते वारसा गुलाब; एडवर्डही त्यांतलाच. अशा झाडाला बाजारातलं नवं कलम हा पर्याय नव्हेच!

ऑक्टोबरात पाऊस उघडला की वाळक्या, रोगट आणि एक-दोन अगदी जुन्या फांद्या तेवढ्या काढा. हायब्रीड टीसारखी खोल छाटणी नको. आपल्याकडच्या पावसात पानांवर काळे ठिपके येतात; ती पानं वेचून लांब टाका. छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी फांद्यांचे वीतभर तुकडे कुंडीत खोचून सावलीत ठेवा. दोन-तीन रोपं शेजारीपाजारी द्या, म्हणजे वाण टिकेल.

गुलकंद करणार असाल तर झाडावर कीटकनाशक, बुरशीनाशक काहीच मारू नका.