साठ की एकशे वीस?

सेकंड इयरचं सर्व्हेचं प्रॅक्टिकल. दोन सरळ रस्त्यांना जोडणारं वळण मैदानावर आखायचं होतं, त्रिज्या ३० मीटर. रस्ते जिथे मिळतात त्या खुंटीवर थिओडोलाइट लावून मी दोघांमधला कोन वाचला, १२०°. सूत्र पाठ होतं: स्पर्शिकेची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. उत्तर ५१.९६ मीटर. टेप घेऊन निघालो तर चाळिसाव्या मीटरलाच कंपाउंडची भिंत! ग्रुपमधली पोरं उन्हात खुंट्या धरून उभी आणि सर विचारतायत, "रस्ता भिंतीतून नेणार का रे?"

मित्रांनो, सूत्रातला कोन रस्त्यांमधला नव्हताच. पहिला रस्ता तसाच सरळ पुढे गेला असता, तर त्या दिशेपासून दुसरा रस्ता किती वळला, तो डिफ्लेक्शन अँगल हवा होता. हे दोन कोन एकाच सरळ रेषेवर शेजारी बसतात, म्हणून बेरीज १८०°. म्हणजे ६०° घ्यायचे, आणि लांबी १७.३२ मीटर. शाळेच्या आकृतीत ती रेषा आयती काढलेली असते. मैदानात ती आपणच वाढवायची असते, तिथेच मी फसलो.

पण चूक बरोबर तिप्पट कशी? रात्री रूमवर इंदूरच्या पार्टनरला म्हटलं, "हे पूरक कोन आहेत." तो म्हणे, "फिर जोड़ नब्बे होना चाहिए!" अर्धा तास भांडलो. शेवटी कळलं, हिंदीत पूरक म्हणजे बेरीज ९०°, आणि १८०° वाल्यांना ते संपूरक म्हणतात. आपले कोटिकोन ते त्यांचे पूरक.

गंमत म्हणजे उत्तर त्याच्या नव्वदातच निघालं. पूरक कोन अर्धे केले की कोटिकोन होतात, इथे ३०° आणि ६०°. कोटिकोनांचे टॅन एकमेकांचे व्यस्त: एकाचा १/√३, दुसऱ्याचा √३. म्हणून तिप्पट.

सूत्रात नुसता साइन असता तर चूक कळलीही नसती, कारण ६०° आणि १२०° चा साइन एकच. त्रिकोण सोडवताना कॅल्क्युलेटर साइनवरून लघुकोनच दाखवतो. विशालकोन हवा असेल तर १८० मधून वजाबाकी आपणच करायची. ओरलला हे हमखास विचारतात.

दुसऱ्या दिवशी आधी रेंजिंग रॉड लावून रेषा पुढे वाढवली, ६०° वाचले, मगच टेप सोडली. खुंटी भिंतीच्या बरीच अलीकडे बसली.