तान्ह्या बाळांचे जुलाब : कारणे व उपाय

तान्ह्या बाळाला जुलाब होऊ लागले की घरातील मंडळी ‘जुलाब ताबडतोब बंद करणारे जोरदार औषध द्या’ असा आग्रह धरतात. हा आग्रह कितपत योग्य आहे हे समजण्यासाठी जुलाबाची कारणे माहीत असली पाहिजेत. विद्यार्थी मित्रांना व माता-भगिनींना ती सोप्या भाषेत सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

पूर्वी रुग्णालयात दाखल होणाऱ्या बहुसंख्य बाळांच्या जुलाबाचे कारण सापडतच नसे. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी बालकांच्या आतड्यात एक विषाणू आढळला. तो चाकासारखा गोल दिसतो. लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव रोटाव्हायरस. लस येण्यापूर्वी भारतात जुलाबासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे ४० टक्के बालकांत हाच विषाणू आढळत असे.

इतर कारणे अशी :

१) विषाणू – नोरोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस.
२) जिवाणू – ई. कोलायचे काही प्रकार, शिगेला, साल्मोनेला, पटकीचे जंतू. शिगेलामुळे शौचात रक्त पडते.
३) एकपेशीय परजीवी – क्रिप्टोस्पोरिडियम, जिआर्डिया.

हे सर्व जंतू विष्ठेतून हात, पाणी, दुधाची बाटली यांमार्गे बाळाच्या तोंडात जातात. रुग्णालयातही न धुतलेल्या हातांनी ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतात.

प्रतिजैविक औषधे विषाणूंवर चालत नाहीत. रक्ताची आव, पटकी अशा ठरावीक आजारांतच डॉक्टर ती देतात. बाळाच्या जिवाला खरा धोका असतो तो अंगातील पाणी व क्षार निघून जाण्याचा. आतडे आजारी असतानाही साखरेबरोबर मीठ व पाणी शोषून घेऊ शकते. जलसंजीवनीचे सारे रहस्य यातच आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी तिच्या साहाय्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले.

म्हणून हे लक्षात ठेवावे :

• एक लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवावे. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने थोडे थोडे पाजावे. उरलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे.
• अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये.
• डॉक्टरांनी दिलेले झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यावे.
• डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले तर तात्काळ रुग्णालय गाठावे.

दिल्लीतील एका नवजात बाळात सापडलेल्या रोटाव्हायरसपासून आपल्या देशात लस तयार झाली. २०१६ पासून सरकारी लसीकरणात ती टप्प्याटप्प्याने आली व २०१९ मध्ये महाराष्ट्रातही सुरू झाली. ६, १० व १४ आठवड्यांना ती तोंडावाटे मोफत देतात. मात्र ती इतर जंतूंना अडवीत नाही. त्यांच्यासाठी साबण, स्वच्छ पाणी आणि आईचे दूध हेच रक्षक होत. ही माहिती प्रत्येक वाचकाने आपल्या वस्तीतील निदान एका मातेपर्यंत पोहोचवावी, एवढीच आमची विनंती आहे.