प्रमाणात उघडणारी झडप

घरातला पाण्याचा नळ निम्मा उघडला तर पाणी निम्मे येते का? एकदा करून पाहाच. नळ पूर्ण उघडायला चावीचे किती फेरे लागतात ते मोजा. मग त्याच्या निम्मे फेरे उघडून बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. फेऱ्यांच्या जुन्या पद्धतीच्या नळात बहुधा असे आढळेल की पहिल्या थोड्या फेऱ्यांतच धार जवळजवळ पूर्ण जोरात येते, आणि पुढचे फेरे आपण उगीचच फिरवतो.

बादली भरताना यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. पण नळीतून पाण्याऐवजी ऑक्सिजन जात असेल तर? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्या देशात ऑक्सिजनची मोठी टंचाई झाली होती. रुग्णालयातल्या मोठ्या, म्हणजे जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर वायू मावतो. रुग्णाला मिनिटाला ५ लिटर द्यायचा असेल तर तो १४०० मिनिटे, म्हणजे २३ तास २० मिनिटे पुरतो. झडप किंचित जास्त उघडी राहून ५ ऐवजी ६ लिटर जाऊ लागला, तर तोच सिलिंडर साडेएकोणीस तासांच्या आतच संपतो. एका लिटरची चूक आणि जवळजवळ चार तासांचा श्वास वाया! म्हणूनच अशा ठिकाणी 'उघड' आणि 'बंद' एवढेच समजणारी झडप पुरत नाही. जेवढी फिरवावी तेवढ्याच प्रमाणात वायू सोडणारी, म्हणजे प्रमाणशीर झडप लागते.

महाग का?

सिलिंडरच्या मापकावर एक लहानशी मूठ असते. तिच्या आत निमुळते टोक असलेली सुई असते आणि ती एका बारीक छिद्रात बसते. मूठ फिरवली की सुई बारीक आट्यांवरून हळूहळू मागे सरकते आणि सुईभोवतीची फट थोडीथोडी वाढते. कृत्रिम श्वसनयंत्रात हेच काम विजेवर चालणारी झडप करते. तारेच्या वेटोळ्यातून जितका जास्त प्रवाह सोडावा, तितका लोखंडाचा दट्ट्या स्प्रिंगच्या विरुद्ध जास्त खेचला जातो. दोन्हींत सगळी करामत अचूक घडणीची आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या फरकानेही फट बदलते, म्हणून अशा झडपा महाग पडतात.

मग स्वस्त झडप करायची तरी कशी? त्याचे एक उदाहरण तुम्ही नक्की पाहिले असेल. सलाइनच्या नळीवर प्लॅस्टिकचे छोटे चाक असते. ते उतरत्या खाचेत पुढे सरकवले की नळी चिमटली जाते आणि थेंब मंदावतात. ही झडप फार स्वस्त आहे आणि तिचा कोणताही भाग आतल्या द्रवाला शिवत नाही. पण परिचारिका चाक सरकवून तेवढ्यावर थांबत नाही, ती घड्याळ लावून थेंब मोजते. कारण चाक निम्मे सरकले म्हणजे थेंब निम्मे झाले, असे होत नाही. असे का व्हावे बरे?

नळी चिमटताना काय होते?

याचे उत्तर तुमच्या भूमितीत आहे. मऊ नळी चिमटली की तिचे गोल छिद्र चपटे होते. मध्ये आयत आणि दोन्ही कडांना एकेक अर्धवर्तुळ, असा त्याचा आकार समजू. रबर ताणले जात नाही असे धरले, तर छिद्राचा परीघ बदलत नाही. नळीचा आतला व्यास 'व', चपट्या छिद्राची उंची 'उ' आणि आयताची लांबी 'ल' मानू.

परीघ: π व = २ ल + π उ, म्हणून ल = π (व − उ) ÷ २

क्षेत्रफळ = ल × उ + π उ² ÷ ४ = (π ÷ ४) × [व² − (व − उ)²]

शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. (व − उ) म्हणजे आपण नळी जेवढी दाबली ते अंतर. तेव्हा नियम असा झाला: नळी जेवढी दाबावी, तेवढ्या व्यासाचे एक वर्तुळ मूळ क्षेत्रफळातून वजा होते!

समजा, नळीचा आतला व्यास ४ मिलिमीटर आहे. ती २ मिलिमीटर, म्हणजे निम्मी दाबली. वजा होणारे वर्तुळ निम्म्या व्यासाचे, म्हणजे पाव क्षेत्रफळाचे. म्हणून अजून पाऊण वाट मोकळीच आहे. उरलेल्या २ मिलिमीटरांत मात्र तीन-चतुर्थांश वाट झपाट्याने बंद होते. सरळ उताराच्या खाचेतले चाक आधी आळशी आणि मग एकदम घाईचे का होते, ते आता उलगडले.

आणि उपायही याच नियमात दडलेला आहे. सरळ उतार प्रमाण बिघडवत असेल, तर उतारच वाकडा करावा! पाऊण वाट हवी असेल तर २.० मिलिमीटर दाबायचे, निम्मी हवी असेल तर २.८, पाव हवी असेल तर ३.५ आणि पूर्ण बंद करायची तर ४.० मिलिमीटर. झडपेची किंमत घडणीच्या अचूकपणाऐवजी आकाराच्या विचारातून वसूल करायची, एवढेच.

झडप करू या

साहित्य: आतून ४ मिलिमीटर व्यासाची मऊ रबरी नळी, सुमारे ५ सेंटिमीटर लांब, जुनी प्लॅस्टिकची फूटपट्टी, लाकडी ठोकळा, आइस्क्रीमची चपटी काडी, दोन स्क्रू, कानस.

कृती: नळी ठोकळ्यावर आडवी ठेवा. तिच्यावर काटकोनात काडी ठेवून काडीचे एक टोक ठोकळ्याला सैलसर जखडा, म्हणजे दुसरे टोक वरखाली हलेल. काडीच्या वर, दोन स्क्रूंवर टेकलेले लाकडाचे एक आढे बसवा. फूटपट्टीचा तुकडा उभ्या कडेवर धरून काडी आणि आढे यांच्यामधून सरकवायचा आहे. त्याची वरची कड सरळच राहील आणि आढ्याखालून घसरेल. खालची कड कानशीने घासून पट्टीची रुंदी अशी करा:

बंद टोकाला २०.० मिलिमीटर
तेथून २ सेंटिमीटरवर १९.५
४ सेंटिमीटरवर १८.८
६ सेंटिमीटरवर १८.०
७ सेंटिमीटरवर १७.४
७.५ सेंटिमीटरवर १७.०
८ सेंटिमीटरवर १६.०

हे बिंदू आधी आलेखाच्या कागदावर काढून गुळगुळीत वक्राने जोडा, कागद पट्टीवर चिकटवा आणि मग घासायला लागा. शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरात उतार फार तीव्र होतो, तिथे पट्टी अडकते. तेव्हा ७.५ सेंटिमीटरपर्यंतच सरकवण्यात समाधान माना. पट्टीचे रुंद टोक काडीवर आणा, नळीत फुंकर मारत स्क्रू आवळा आणि हवा जेमतेम बंद होताच थांबा. झडप तयार झाली.

हवा कशी मोजावी?

झडप प्रमाणशीर आहे हे नुसते म्हणून चालणार नाही, मोजून दाखवायला हवे. त्यासाठी ठराविक दाबाची हवा पाहिजे. गोबर गॅसच्या संयंत्रावरची तरंगती लोखंडी टाकी तुम्ही पाहिली आहे का? टाकीच्या वजनामुळे आतल्या वायूवर सतत सारखाच दाब राहतो. आपण तिचीच छोटी आवृत्ती करू.

सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचा पातळ प्लॅस्टिकचा उभा डबा घ्या. त्याच्या तळाला भोक पाडून त्यात ८ मिलिमीटरची नळी बसवा आणि सांधा एम-सीलने बुजवा. डब्यावर बाहेरून सेंटिमीटरच्या खुणा करा. पाण्याने भरलेल्या बादलीत डबा उपडा ठेवा. बादली डब्याहून थोडीच रुंद असावी, म्हणजे डबा कलंडणार नाही. डबा आणि वर ठेवलेली वाळूची पिशवी मिळून ४०० ग्रॅम वजन करा. डब्याचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २ ग्रॅम. हा दाब २ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका झाला.

नळीच्या टोकाला आपली झडप जोडा. झडप उघडी ठेवून डबा वर उचला, म्हणजे आत हवा शिरेल. मग झडप बंद करून डबा सोडा. आता पट्टी ठरावीक खुणेपर्यंत सरकवा आणि डबा १० सेंटिमीटर खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजा. १० सेंटिमीटर म्हणजे २ लिटर हवा. म्हणजे हाच डबा दाब देतो आणि हाच मापही घेतो!

किती सेकंद अपेक्षित आहेत, ते आधीच काढून ठेवू. दाबामुळे हवेला मिळणारा वेग = √(२ × दाब ÷ घनता). २ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १९६ पास्कल. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम. यावरून वेग निघतो सेकंदाला सुमारे १८ मीटर. ४ मिलिमीटर नळीचे छिद्र १२.६ चौरस मिलिमीटरचे, म्हणून सेकंदाला २२७ घनसेंटिमीटर. छिद्रात शिरताना धार आकसते, त्यामुळे प्रत्यक्षात अंदाजे याच्या सहा-दशांश, म्हणजे १३६ धरू. तेव्हा २ लिटर हवेला पूर्ण उघड्या झडपेतून सुमारे १५ सेकंद, निम्म्या वाटेने ३० आणि पाव वाटेने ६० सेकंद लागावेत.

तुमचे आकडे तंतोतंत असे येणार नाहीत, आणि तसे आले नाहीत म्हणून निराश होऊ नका. खरे रबर आपल्या आयत-अर्धवर्तुळाच्या आकृतीचे ऐकतेच असे नाही. फट फार अरुंद झाली की हवेचे घर्षणही वाढते आणि प्रवाह क्षेत्रफळाहून अधिक घटतो. म्हणून पट्टीचे अंतर आणि दर सेकंदाचा प्रवाह यांचा आलेख काढा. रेषा जिथे खाली वाकली असेल तिथे पट्टी जास्त दाबते आहे. तेवढ्या जागी कानस हलकेच फिरवा आणि पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्यांत आलेख सरळ रेषेच्या जवळ येऊ लागेल.

एक सापळा

आता आपल्या पहिल्या नळाकडे वळू. जुन्या नळात एक चकती छिद्रावरून वर उचलली जाते. छिद्राच्या व्यासाच्या पावपट ती वर गेली की चकतीभोवतीची फट छिद्राच्या क्षेत्रफळाइतकीच होते. त्यापुढे ती कितीही उचला, पाणी अडते ते छिद्रात आणि पाइपात. अडथळा दुसरीकडे गेला की झडपेचा अधिकार संपला! आपण डब्याला ८ मिलिमीटरची नळी जोडली ती याचसाठी. तिच्या जागी २ मिलिमीटरची लांब नळी जोडून तोच प्रयोग करा. इतक्या काळजीने घासलेली पट्टीही मग निरुपयोगी ठरेल. झडप ही नेहमी त्या वाटेवरची सर्वांत अरुंद जागा असली पाहिजे.

आणखी एक युक्ती सांगतो. फक्त उघड-बंद होणारी विजेची साधी झडप स्वस्त असते. ती सेकंदाला १० वेळा उघडली आणि प्रत्येक वेळी सेकंदाच्या १०० व्या भागांपैकी ३ भागच उघडी ठेवली, तर सरासरीने तीन-दशांश हवा जाते. पुढे एक रिकामी बाटली जोडली की हवेचे हिसके बरेचसे शमतात. जागेचे प्रमाण साधत नसेल तर वेळेचे साधायचे. मात्र झडपेला उघडायलाच थोडा वेळ लागतो, म्हणून अगदी कमी प्रवाहाला ही युक्ती नीट साधत नाही.

सावधगिरी

ही झडप शिकण्यासाठी आहे. ती ऑक्सिजनच्या किंवा स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरला, पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरला किंवा कोणत्याही रुग्णाच्या नळीला कधीही जोडू नका. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आणि रबर सहज पेट घेतात.

करून पाहा, विचार करा

१. वाळूची पिशवी बदलून एकूण वजन चौपट केले, तर प्रवाह किती पट होईल? आधी सूत्रावरून सांगा, मग मोजा.

२. आतून ६ मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठी पट्टीच्या रुंदीचे कोष्टक तयार करा.

३. शिक्षकांनी वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने सरळ उताराची आणि दुसऱ्याने वक्र उताराची पट्टी करावी. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून वर्गाच्या भिंतीवर लावावेत. सरळ पट्टीचा आलेख वाकडा आणि वाकड्या पट्टीचा आलेख सरळ का, हे तो कागद पाहणाऱ्या प्रत्येकाला तुम्हाला समजावून सांगता आले पाहिजे.