'राजा लिअर'मधील निनावी नोकर : एक अभ्यास

विल्यम शेक्सपिअर यांच्या नाटकांशी मराठीचा परिचय जुना आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये 'ऑथेल्लो' मराठीत आणले. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. विंदा करंदीकरांचे 'राजा लिअर' १९७४ मधील आहे. या नाटकांच्या समीक्षेचा भर मात्र दीर्घकाळ नायकांवरच राहिला. ए. सी. ब्रॅडली यांचा १९०४ चा प्रसिद्ध ग्रंथही शोकात्म नाटकाचे मर्म प्रामुख्याने नायकाच्या स्वभावात शोधतो. प्रश्न असा की, ज्या पात्राला नाटककाराने नावदेखील दिले नाही, त्याची दखल समीक्षेने घ्यावी काय? आमच्या मते, अवश्य घ्यावी.

वृद्ध राजा लिअर खुशामत करणाऱ्या दोन मुलींना राज्य वाटून देतो आणि सत्य बोलणाऱ्या धाकटीला दूर करतो. पुढे त्याच मुली त्याला वादळात बेघर करतात. त्याला साहाय्य केल्याबद्दल ग्लॉस्टर या वृद्ध सरदाराला पकडून राजाचा जावई कॉर्नवॉल त्याचा एक डोळा काढतो. सारे स्तब्ध असताना एक नोकर पुढे होतो. लहानपणापासून मी आपली चाकरी केली, परंतु आज आपला हात रोखणे हीच माझी सर्वांत मोठी सेवा होय, अशा आशयाचे तो बोलतो. झटापटीत कॉर्नवॉल जखमी होतो. त्याची पत्नी रीगन नोकराला पाठीमागून ठार करते. ग्लॉस्टरचा दुसराही डोळा जातो. पण त्याच जखमेने पुढे कॉर्नवॉल मरतो.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याकडे म्हणतात. मालकाच्या अन्यायात सामील होणे म्हणजे मिठाला जागणे नव्हे, हे हा नोकर प्राण देऊन सांगतो. त्याची भूमिका अवघ्या आठ ओळींची आहे. तथापि प्रत्यक्ष जीवनात तीच सर्वोत्तम ठरेल, असे सी. एस. लुईस यांचे मत होते.

याहून विचार करण्याजोगी बाब पाठभेदाची आहे. १६०८ च्या छापील प्रतीत, या प्रसंगाच्या शेवटी उरलेले दोन नोकर आंधळ्या ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यासाठी जवसाचा तागा व अंड्याचा पांढरा बलक आणण्याचे ठरवतात. १६२३ च्या संग्रहात हे संभाषण नाही. पीटर ब्रूक यांनीही १९६२ च्या गाजलेल्या प्रयोगात हा दिलासा गाळला. जगाची क्रूरता उघडी दाखवणे हा त्यांचा हेतू होता. परंतु त्यामुळे सामान्यांची करुणाच रंगमंचावरून नाहीशी झाली. प्रथम कोणाचे शब्द गाळले जातात, हा इतिहासाच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे.

वि. वा. शिरवाडकरांचे १९७० मध्ये रंगभूमीवर आलेले 'नटसम्राट' या नाटकाच्या शेजारी ठेवून वाचावे. वादळात भिजताना लिअरला प्रथमच उघड्यावरील गरिबांची आठवण होते आणि राजा असताना आपण त्यांची चिंता वाहिली नाही, हे त्याला कळते. गणपतराव बेलवलकरांना मुलांच्या घरात स्थान उरत नाही, तेव्हा आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. शेक्सपिअरच्या निनावी नोकरांचे काम येथे एका कष्टकरी मुलाकडे येते, आणि त्याला नाव मिळते. तेही 'राजा' असे!

विद्यार्थी मित्रांनो, कोणतेही नाटक वा बखर वाचताना तीन प्रश्न विचारावेत. येथे कोण बोलतो? कोण नुसता उभा आहे? आणि कोणाचे बोलणे नंतर गाळले गेले? आमगाव परिसरात रोवणीच्या दिवसांत पावसात दिवसभर वाकून धान लावणाऱ्या घरांतून तुम्ही आला आहात. वादळाचे दृश्य समजण्यासाठी तुम्हांला टीपांची फारशी गरज पडणार नाही. थोर लेखकासमोर संकोचू नका; त्याचा ग्रंथ उघडा, दोन प्रती ताडून पाहा आणि त्या नोकराच्या आठ ओळी मोठ्याने वाचा.