आधी जुना ड्रायव्हर काढा

इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्यालगत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर विंडोज ७ चा. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, तरी तो मी ठेवलाय, कारण करारनामे-प्रतिज्ञापत्रांचे माझे सगळे मसुदे जुन्या श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

मागच्या जूनमध्ये, अ‍ॅडमिशनच्या गर्दीत, लेझर प्रिंटर बदलला. बसवायला आलेल्या मुलाने जुन्याचा ड्रायव्हर तसाच ठेवला आणि पेन ड्राइव्हवरून सगळ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांचा एक पॅक चालवला. चाचणीचं पान निघालं, तो गेला. दुपारी नवा प्रिंटर बंद पडलाच, पण बिलांचा डॉट मॅट्रिक्सही थांबला. रांगेतल्या एका मुलीला पाचच्या आत अर्ज द्यायचा होता. तिला दुसऱ्या दुकानात पाठवावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

एकाच्या बिघाडाने दुसरा का थांबला? विंडोजमध्ये सगळ्या प्रिंटरांची कामं स्पूलर नावाची एकच सेवा सांभाळते आणि ड्रायव्हर बहुधा तिच्याच आत चालतात. एक ड्रायव्हर फिसकटला की स्पूलर बंद पडतो आणि सगळेच प्रिंटर थांबतात. त्यामुळे दोन प्रिंटर एकदम बंद पडले, तर केबल-टोनर बदलण्यात पैसे घालू नका.

आधी ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात ‘स्पूल’ आणि त्यात ‘प्रिंटर्स’ आहे. तिथल्या अडकलेल्या फायली पुसा, फोल्डर मात्र राहू द्या. मग स्पूलर पुन्हा सुरू करा. आता मुख्य काम. प्रिंटरचं चित्र डिलीट केलं म्हणजे ड्रायव्हर गेला, असं होत नाही. ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये कुठलाही प्रिंटर निवडला की वर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ दिसतं. त्यातल्या ‘ड्रायव्हर्स’मध्ये जुनं नाव निवडून ड्रायव्हर आणि पॅकेज दोन्ही काढा. ‘वापरात आहे’ असं आलं, तर स्पूलर एकदा बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच काढा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

नवा ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते आधी बघा. यूएसबी केबल इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच जोडा, आणि नंतर सॉकेट बदलू नका. सॉकेट बदललं की पुष्कळदा त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ तयार होते, आणि प्रिंट जुन्या नावाकडे जात राहते. माझ्याकडे तीही भानगड होती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे अनेकांच्या घरचे कॉम्प्युटर आता जुन्यांत जमा झाले. कंपन्या जुन्या मॉडेलचे ड्रायव्हर साइटवर कायम ठेवतीलच असं नाही. तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर आजच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.