जुन्या मोटारीतील ऊब

पावसाळ्यात हुबळीहून कळघटगी, येल्लापूर या मार्गाने अंकोल्याकडे उतरणाऱ्यांस अरबैल घाटातील एक अडचण ठाऊक असते. मोटारीच्या काचा लावाव्यात तर समोरची काच आतून धूसर होते. उघडाव्यात तर पाऊस आत येतो. मग कोणी हातरुमालाने काच पुसतो, कोणी तीवर तंबाखू चोळतो, आणि वळण तर पुढ्यात आलेले असते.

विद्यार्थिमित्रांनो, असे का होते? आपल्या श्वासाने व भिजल्या कपड्यांनी गाडीतील हवेत बाष्प वाढते. काच बाहेरच्या पावसाने गार झालेली असते. तिला लागलेली हवा दवबिंदूखाली निवाली की बाष्पाचे सूक्ष्म थेंब काचेवर बसतात. एक घनमीटर हवा २० अंश सेल्सियसला फार तर १७ ग्रॅम बाष्प धरते. ४० अंशांना तीच सुमारे ५१ ग्रॅम धरते. म्हणून काचेवर ऊन हवेचा झोत सोडला की थेंब विरतात. मोटारीतला हीटर थंडीसाठी असतो असा समज आहे. आमच्या मते आपल्या प्रांतात त्याचे खरे काम हेच होय.

हे काम फार दुबळेपणाने करणाऱ्या गाड्यांत कापडी टपाच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारी येतात. ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर (१९६२ ते १९८०) उदाहरणार्थ घेऊ. ती आपणांस अगदीच परकी नाही. तिचा सांगाडा हेराल्ड गाडीच्या सांगाड्यावरून आखूड करून घेतलेला, आणि हेराल्ड १९६१ पासून सुमारे दशकभर मद्रासला तयार होत असे. आरंभीच्या स्पिटफायरला हीटर हवा असल्यास निराळे पैसे पडत. तेही इंग्लंडसारख्या थंड देशात!

हीटर म्हणजे एक लहानसा रेडिएटरच. पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तिसरा हिस्सा इंजिनाभोवतीच्या पाण्यात जातो. त्या पाण्याचा एक फाटा रबरी नळीने हीटरच्या जाळीत आणतात व पंखा तिच्यातून हवा फुंकतो. हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, पाण्याने आणून दिलेली वाटतो.

म्हणूनच हीटर सुधारावयाचा म्हणून एकदम मोठा पंखा आणणे आम्हांस पटत नाही. पाणी सुमारे ८२ अंश तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडविणे हे थर्मोस्टॅटचे काम. तो उघडा अडकला तर पाणी कोमट राहते, आणि कोमट पाण्यावर पंखा कितीही फिरवा, झोत गारच येणार. दुसरा संशय जाळीवर घ्यावा. पन्नास-साठ वर्षांचा गाळ तिच्या नळ्यांत साचलेला असतो. इंजिन तापवून बंद करावे आणि हीटरच्या दोन्ही नळ्यांना बेताने हात लावून पाहावा. जाणारी ऊन व परतणारी गार लागली, तर पाणी वाहत नाही असे समजावे. मग जाळी काढून दोन्ही बाजूंनी धुवावी. तेवढ्याने भागले नाही तर नवी घालावी. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असता कधीही उघडू नये.

पंख्याचा विचार यानंतर. अधिक पात्यांचा नवा पंखा हवा खूप देतो, पण वीज कोठून आणावयाची? त्या काळच्या लहान गाड्यांतील लुकास डायनॅमो फार तर २२ अँपिअर देई, म्हणजे १२ व्होल्टवर २६४ वॉट. पुढचे दोन दिवे शंभराच्या आसपास घेतात, वायपरचा भार निराळा. रात्री, पावसात, घाटात हे सारे एकदम चालू असते, आणि इंजिन मंदावले की डायनॅमो तेवढेही देत नाही. शिवाय अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. हे न पाहता तारा जोडल्या तर नवा पंखा उलटा फिरण्याचा संभव असतो.

राहिल्या फटी. इंजिन व बैठक यांमधील पत्र्याला तारांसाठी भोके असतात. त्यांची रबरे झिजतात, हीटरच्या पेटीभोवतीचा स्पंज भुकटी होऊन पडतो. तेथून ऊब जाते, आणि याहून वाईट म्हणजे इंजिनाकडील दूषित हवा आत येते. धुराच्या नळीचा सांधा फुटलेला असल्यास तीत कार्बन मोनॉक्साइड असतो. आमच्या कोकणीत धुराला धुंवर म्हणतात. पण हा वायू धुंवरासारखा दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि बंद गाडीत तो प्राण घेतो. तेव्हा फटी नव्या रबराने बुजवाव्यात, टपाच्या मागच्या कडाही तपासाव्यात, आणि धुराची नळी आरंभापासून शेवटापर्यंत पाहून झाल्यावाचून हीटर चालू करू नये.